सुशील असल्याचा दाखला

"पुराव्याचं काय घेऊन बसलीस? चार वर्षं एका छपराखाली राहतोय आपण! पोत्याने पुरावे देतो!" मिस्त्रीने छाती फुगवली.

मिस्त्री शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. ती परिचारिका. तिला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली होती आणि जोडीदार म्हणून त्याला सोबत नेता येणार होतं. फक्त, जोडीदार असल्याचं सिद्ध करायचं होतं. लग्नाचा विषय निघाला की दोघंही "करू की!" म्हणत, ते चार वर्षं चाललं होतं. आता घाईत उरकावं, तर नोंदणीच्या नोटिशीलाच महिना लागणार, आणि तिला बारा दिवसांत रुजू व्हायचं होतं.

पोतं भरायला कपाट उघडलं, तर काय! विजेचं बिल खाली राहणाऱ्या घरमालकिणीच्या, म्हणजे मिस्त्रीच्या आत्याच्या नावावर. परिचारिकेची सगळी पत्रं तिच्या इथल्या इस्पितळाच्या पत्त्यावर. फोटो ढीगभर, पण सगळे मिस्त्रीने काढलेले, त्यामुळे तो एकातही नाही. तीन फोटोंत त्याचा अंगठा तेवढा होता.

"अंगठ्यावर व्हिसा देतात का रे?" तिने विचारलं.

राहता राहिली आत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मोत्यासारखं अक्षर, शब्दाला वजन. अडचण एवढीच, की आत्याच्या लेखी वरच्या दोन खोल्यांत दोन वेगवेगळे भाडेकरू राहत होते. निदान तसं भासवण्यात या दोघांनी चार वर्षं घाम गाळला होता.

"आत्या, एक दाखला हवाय. आम्ही वर... राहतो, असा. सरकारी काम आहे," मिस्त्री चाचरत म्हणाला.

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं. दोन दिवसांनी तिने पाकीट चिकटवूनच हातात दिलं. "मुख्याध्यापिकेचा दाखला वाटेत उघडायचा नसतो!"

व्हिसा कचेरीतल्या अधिकारीणबाईंनी ते फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

"'हे दोघेही अत्यंत सुशील असून बहीण-भावासारखे राहतात. चार वर्षांत त्यांनी एकमेकांकडे मान वर करून पाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.'"

मिस्त्रीच्या कानातून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली.

"बहीण-भावासारखे?" बाईंनी विचारलं.

"नाही हो! आम्ही तसे अजिबात सुशील नाही!" मिस्त्री ओरडला. अख्खी रांग वळून बघायला लागली.

"सोमवारपर्यंत दुसरा पुरावा आणा. नाहीतर अर्ज फेटाळला समजा."

बसमध्ये घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "तुला सोडून मला जायचं नाहीये." मिस्त्री तडक आत्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आत्या, वर दोन खोल्या आहेत खऱ्या, पण आम्ही... म्हणजे मधलं दार..."

"गाढवा!" आत्या कडाडली. "दुसऱ्या खोलीतल्या गादीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही! मला काय डोळे नाहीत?"

"मग असं का लिहिलंस?"

"मला वाटलं, सरकार पोरीची चालचलणूक तपासतंय! तिची नोकरी जाऊ नये म्हणून जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं मी! ते पण सुवाच्य अक्षरात!"

सोमवारी आत्या स्वतः कचेरीत हजर. खुर्ची ओढून बसली आणि वर्ग घ्यावा तशी सुरू झाली.

"लिहून घ्या! रोज सकाळी यांचं न्हाणीघरावरून भांडण होतं. छत पातळ आहे, मला शब्द न् शब्द ऐकू येतो. मग अर्धा तास अबोला. मग हा शीळ घालतो आणि ती हसते."

"आत्या, पुरे!" मिस्त्री पुटपुटला.

"गप्प बैस! आणि बाई, तिची रात्रपाळी असली, की पहाटेपासून हा फाटकाशी उभा. ती कोपऱ्यावर दिसली रे दिसली, की घाईघाईने बिजागरीला तेल घालायला लागतो. जसा काही तेवढ्यासाठीच उठलाय! चार वर्षांत त्या फाटकाने इतकं तेल प्यायलंय, की वारा आला तरी सताड उघडतं!"

ती थक्क होऊन मिस्त्रीकडे बघत होती. "तू माझ्यासाठी उभा असायचास? मला वाटायचं, तुला तेलाचं वेड आहे!"

"नाही... म्हणजे... बिजागरी खरंच कुरकुरायची," मिस्त्री भलतीकडेच बघत म्हणाला.

बाईंनी रुमालाआड हसू दाबलं. आधीचं पत्र का लिहिलं, तेही आत्याकडून लिहून, सही करून घेतलं आणि धाडकन शिक्का मारला. "मंजूर!"

मिस्त्रीच्या छातीवरून एखादं कारखान्यातलं अवजड यंत्र कुणी उचलून नेल्यासारखं झालं. बाहेर रस्त्यावर आल्यावर तिने पटकन त्याचा हात धरला. त्याने तितक्याच पटकन, सवयीने, तो सोडवला आणि आभाळाकडे बघायला लागला.

"अरे, धर, धर!" आत्या म्हणाली. "आता सरकारी शिक्का बसलाय!"

मिस्त्रीने सुटकेचा मोठा श्वास सोडला, लाजून डोळे मिटले आणि हात पुढे करून घट्ट धरला.

"माझा नव्हे रे!" आत्या किंचाळली.