डब्याच्या सुट्टीतले नाना

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही: शेजारच्या नानांना मी घाबरत होतो.

नाना पुण्याहून मुलाकडे, इथे न्यूझीलंडमध्ये अवोन्डेलला आलेले, आणि शाळांच्या पत्रिका जुळवायचे. हो, शाळांच्याच! आसपासच्या चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी शाळांचा, तक्ता त्यांच्या वहीत होता: परीक्षांचे निकाल, मुलं किती, त्यांत इथली मूळची माओरी किती, बेटांवरून आलेली पॅसिफिका किती, गोरी म्हणजे पाकिहा किती, आपली किती. कुणी पालक सल्ल्याला आले की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "छत्तीसपैकी अठ्ठावीस जुळतायत. पत्रिका उत्तम! आता स्वभाव पाहू."

स्वभाव पाहायला नाना जातीने जायचे. माकडटोपी, मोज्यांवर कोंबलेल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा अवतारात डब्याच्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाबाहेर उभे. इतके निश्चल, की सीगल येऊन पायाशी बसायचे. हलायचे फक्त ओठ. मोजत असायचे.

माझ्या लेकीसाठी, जुईसाठी, मी निकालात सगळ्यांत वरची शाळा धरली.

"तिथे नको," नाना म्हणाले.

"अहो, निकाल बघा ना!"

"बघितला. तुम्ही मैदान बघितलंत?"

मला राग आला. जुईला तिथेच घातलं.

महिन्याभराने लेटरबॉक्सपाशी नाना हळूच म्हणाले, "जुईच्या डाव्या बुटाची नाडी फार सुटते हो. आणि डबा ती उघडतच नाही."

हे त्यांना कसं ठाऊक? घरी जुईला नानांबद्दल विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "द काउंटिंग मॅन? ही नोज माय नेम, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसात फोन केला. माझं नाव सांगितलं नाही. 'एक म्हातारा रोज मुलं मोजत उभा असतो,' एवढंच बोललो. शाळेने नानांच्या मुलाला बोलावून घेतलं. त्याला मान वर करवेना. आठवड्याभरात नानांचं परतीचं तिकीट निघालं. मुलाला मीटिंग होती, म्हणून विमानतळावर सोडायला गेलो मी.

गाडीत नाना म्हणाले, "गैरसमज झाला असेल हो बिचाऱ्या कुणाचा तरी. लेकराची काळजी, दुसरं काय!" मग वही माझ्या मांडीवर ठेवली. "मला आता तिथे परवानगी नाही. तुम्ही जात जा."

पार्किंगमध्ये बसून वही उघडली. प्रत्येक शाळेपुढे, निकाल आणि जातीजमातींच्याही पुढे, एक शेवटचा रकाना होता: 'एकटी जेवणारी'. जुईच्या शाळेपुढे रोज एकच आकडा, एक. आणि एका दिवशी खाली बारीक अक्षरात: 'आज मी हात हलवला. तिनेही हलवला. अर्धी पोळी खाल्ली.'

जुईची शाळा मी बदलली. दर रविवारी पुण्याहून नानांचा फोन येतो. "जेवते ना?" एवढंच विचारतात. मी "हो" म्हणतो. तो फोन मी केला होता, हे त्यांना सांगणं अजून बाकी आहे.