सोनवणे काकांचा शेवटचा हात

भिंतीला पडलेलं भोक बुजवायचं असेल, तर सोनवणे काका आधी ते मोठं करतात.

कपाट सरकवताना आमच्या ह्यांच्याकडून त्याचा कोपरा जिप्समच्या पार्टिशनला लागला आणि मुठीएवढं भोक पडलं. वरच्या मजल्यावरचे सोनवणे काका ऐकल्या ऐकल्या करवत घेऊन हजर. मूळचे सटाण्याचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही भिंतीला काही झालं की त्यांना बोलवावं लागत नाही. बघता बघता त्यांनी आमच्या भोकाची वहीएवढी चौकोनी खिडकी केली. माझा चेहरा बघून म्हणाले, "ताई, फुटक्या कडेवर काही टिकत नाय. चांगलं लागेपर्यंत कापत जायचं."

मग नवा तुकडा बसला, सांध्यावर जाळीची टेप लागली, वर पुट्टी फिरली. मी विचारलं, "रंग कधी लावू?"

"सुकू द्या. अजून शेवटचा हात बाकी हे."

हा शेवटचा हात काही संपेना. संध्याकाळी काका यायचे, ट्यूब बंद करायचे आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरायचे. "हा बघा सप्तशृंगीचा घाट." आम्हाला सपाट भिंतच दिसायची. मग पॉलिश पेपर निघायचा. पांढरी धूळ टीव्हीवर, पोह्यांवर, काकांच्या भुवयांवर. एकदा हे वैतागून म्हणाले, "काका, इथे सोफा येणार आहे. कुणाला दिसणार?"

"सोफ्याला दिसंल," काका घासता घासता म्हणाले.

एका संध्याकाळी ते आलेच नाहीत, म्हणून मी वर गेले. काका हॉलमध्ये मेथी निवडत बसले होते. काकूंना जरा कणकण होती. अर्धांगाच्या झटक्यापासून काकू अंथरुणाला खिळल्यात हे माहीत होतं, पण काका त्याबद्दल कधी बोलत नसत. बेडरूममध्ये काकूंना एकटं वाटायचं आणि आल्यागेल्यासमोर पडून राहायला संकोच, म्हणून काकांनी स्वतःच्या हातानं हॉलमध्ये पार्टिशन घालून त्यांचा पलंग मागे ठेवला होता. टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

मी सहज म्हटलं, "बोर्डांच्या मध्ये आवाज अडवणारा कापूस भरला असता तर काकूंना शांत झोप लागली असती."

"भरला होता," काका म्हणाले. "मग सगळं बोर्ड फोडून काढून टाकला."

"का हो?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "वाचा गेली ना तिची. एक हात तेवढा चालतो. काही लागलं की बोर्डावर टकटक करती. एकदा पाणी पाहिजे होतं तिला, ठोकत राहिली बिचारी. मी इथं बातम्या बघत बसलेलो. ऐकूच आलं नाय."

तेवढ्यात पलीकडून बोर्ड हलकेच वाजला. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "खालच्या ताई आल्यात," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. पुन्हा टकटक झाली.

"आत या म्हणती," काका म्हणाले. "मी चहा टाकतो."

मी पार्टिशनच्या मागे गेले. काकूंनी मला नीट बघून घेतलं, मग पलंगाच्या कडेवर हातानं दोनदा थोपटलं. मी बसले.