बुडालेल्या उबेदला पाण्यातून काढताना

टक!

राइस कुकरचं बटण वर उडालं आणि दुपारची शांतता मोडली. माझा दिवस खरा सुरू होतो तो या 'टक'नंतर. भात झालेला असतो. लाईबा शाळेतून येऊन, एक मोजा पायात आणि दुसरा सोफ्यावर टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेली असते. नवरा, म्हणजे उबेद, जहाजदुरुस्तीच्या यार्डात. खाली हूऱ्याची, आमच्या मोहल्ल्याची, गल्लीसुद्धा आखाती उन्हानं गप्प. लेक उठेपर्यंतचा वेळ माझ्या एकटीच्या मालकीचा! या वेळात बाकीच्या आया काय करतात मला माहीत नाही. मी विमानवाहू जहाजं बुडवते.

हसू नका. उबेदनं हौसेनं फ्लाइट सिम्युलेटर घेतला होता, म्हणजे कॉम्प्युटरवर लढाऊ विमान चालवायचा खेळ, अगदी खऱ्यासारखा. सोबत जॉयस्टिक. काही दिवस तो जहाजाच्या डेकवरून निघाला आणि दर वेळी थेट समुद्रात गेला, बादलीत पेला बुडवावा तसा! मग जॉयस्टिकवर धूळ बसली. ती धूळ पुसता पुसता मी उडाले, ती अजून खाली उतरलेली नाही.

आता मी फिल्म बनवते. जुन्या जमान्यातली पंख्याची विमानं आणि माझ्या डोक्यातली दोन आरमारं. आधी लढाई खेळून रेकॉर्ड करायची, मग तीच पुन्हा चालवून हवा तिथं कॅमेरा ठेवायचा. डेकवर, पंखाच्या टोकाला, नाहीतर पार लाटेच्या उंचीवर. पडद्यावरचे आकडेबिकडे लपवायचे, उजेड मावळतीचा लावायचा. आवाज मात्र घरचे! इंजिन म्हणजे माझा मिक्सर, चटणीच्या भांड्यासकट. मशीनगन म्हणजे स्टीलच्या ताटात ओतलेले वाटाणे. आणि माझे वैमानिक बोलतात मराठीत. का नाही बोलणार? आकाशात काय इंग्रजीची सक्ती आहे?

"माझी फिल्म बघून कोणी म्हणून दाखवावं, की हे खोटं आहे!" त्या दुपारी मी भिंतीकडे बघून बोलले.

भिंतीनं ऐकलं असावं.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मा, तिकडे कोकणात बाणकोटला असतात. त्यांना लेकाचा आवाज रोज लागतो, बीपीच्या गोळीसारखा. पण फोन त्यांना चालवता येत नाही. शेजारची अकीला असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर येते आणि चालवून देते. उबेदला यार्डात फोन नेता येत नाही. मग तो रोज सकाळी बूट घालता घालता माझ्या फोनवर निरोप बोलून ठेवतो, "सलाम अम्मा, आत्ताच जेवलो, तब्येत मस्त!" मी तो दुपारी पाठवते. सकाळी पाठवला तर अम्मांना शिळा वाटतो! थोडक्यात, नाश्त्याआधी जेवलेला हा माणूस वर्षानुवर्षं आईला 'आत्ताच' जेवल्याचं सांगतोय, आणि सगळे सुखात आहेत.

त्या सकाळी मी म्हटलं, "उबेद, निरोपाबरोबर माझ्या वैमानिकाची वाक्यं पण बोल ना. मरतानाची आहेत, वेळ नाही लागणार."

"बिल्किस, माझी बस येईल."

"मग पटकन मर!"

एरवी त्याचा अभिनय म्हणजे लाऊडस्पीकरवरची सूचना. पण डबल शिफ्टनं दमलेला होता, एक बूट सापडत नव्हता, आणि आवाजात असा काही जीव ओतला! "एक पाडला! पाडला! ... थांबा, माझं इंजिन पेटलंय. पाणी जवळ आलं. अम्माला सलाम सांगा..." आणि मग, सवयीनं, "सांगा, जेवलो होतो!"

हे शेवटचं मी लिहिलं नव्हतं. पण काय सुंदर होतं! ठेवलं. मिक्सर घातला, वाटाणे घातले, ऐकायला म्हणून फोनवर घेतलं. मग फोन मुका करून (लाईबा झोपलेली!) दुपारचा निरोप बाणकोटला पाठवला आणि पुन्हा लाटांच्या उंचीवर जाऊन बसले.

कोणता निरोप गेला, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं.

फोन उचलला तेव्हा त्यावर मिस्ड कॉलची रांग लागली होती. परत लावला.

"बिल्किस! माझा उबेद कुठं हाय?"

"यार्डात आहेत अम्मा."

"यार्डात विमान कशाला उडवतो तो?"

"अम्मा, ते खोटं आहे!"

"खोटा? पोटच्या पोराचा आवाज वळखणार नाय मी?"

"आवाज त्यांचाच आहे! पण ते बुडत नव्हते, बूट घालत होते!"

"बूट घालून बुडाला गो माझा पोर!" अम्मांनी असा सूर लावला की फोन नसता तरी अरबी समुद्रापलीकडून ऐकू आला असता.

"अम्मा, थांबा, मी फिल्म दाखवते. बघितलीत की कळेल सगळं कॉम्प्युटरचं आहे."

आणि मी, बिल्किस उबेद, अकलेची पुतळी, फिल्म पाठवली! मावळतीचा समुद्र. उबेदचं विमान एक विमान पाडतं. मग त्याच्याच पंखातून धूर, एक गिरकी, पाण्याचा उंच फवारा. आणि मग नुसत्या लाटा. मिक्सरसुद्धा बंद.

तिकडून अकीलाचा आवाज, "भाभी, खरंच पडला की हो!"

खरं सांगू? एवढ्या धावपळीतही मनाचा एक कोपरा उड्या मारत होता. अकीलालासुद्धा खरं वाटलं! लगेच स्वतःला मनातल्या मनात एक थोबाडीत दिली. कारण आता अम्मा रडतही नव्हत्या. नुसता श्वास ऐकू येत होता. बीपीची बाई, आणि जो एकच आवाज तिला सावरेल, तो यार्डाच्या फाटकाआड!

"अकीला, अम्मांना गोळी दे, पाणी दे, जवळ बस. संध्याकाळी ते घरी आले की तोंड दाखवते त्यांचं. आणि बाळा, ती फिल्म पुढं कुणाला पाठवू नकोस!"

"नाय पाठवली. फक्त नजीबभाईंना फोन केला अम्मांनी."

नजीब म्हणजे उबेदचा चुलतभाऊ. इथंच सलमाबादला त्याचं गॅरेज. मी त्याला फोन लावेपर्यंत खाली असा भोंगा वाजला की लाईबा झोपेतून उठून उभीच राहिली. खिडकीतून बघते तर गल्ली अडवून रिकव्हरी ट्रक उभा! बंद पडलेल्या गाड्या ओढतो ना, तो. नजीब जिने चढून आला.

"यल्ला भाभी! पासपोर्ट घ्या, पोरीला घ्या. समुद्रावरच्या पुलावरून सौदीत जाऊ!"

"नजीबभाई, काय झालंय ते तरी माहीत आहे का?"

"लढाई सुरू झालीय. उबेद गेला पाण्यात. अम्मानं सांगितलं."

"तुम्ही सलमाबादहून आलात ना? वाटेत दिसली लढाई?"

नजीब विचारात पडला. "ट्रॅफिक होता."

"आणि?"

"पार्किंग नाय." त्यानं खिडकीतून खाली बघितलं. समोरच्या हॉटेलचा पोऱ्या शांतपणे शोर्म्याचा खांब सोलत होता. "मफी लढाई? नायच?"

"मफी!"

मी कॉम्प्युटरवर फिल्म दाखवली. नजीबनं ती बघितली, घाम पुसला आणि म्हणाला, "भाभी, धूर जरा जास्त काळा झाला. ऑइल जळताना निळसर असतो." म्हणजे ह्यानं बघून टीकासुद्धा केली!

पण तो माणूस मोलाचा. म्हणाला, "संध्याकाळपर्यंत कोण थांबतो? मी फाटकावर जातो." ट्रक घेऊन गेला आणि सुरक्षारक्षकाला म्हणाला, उबेदच्या आईची तब्येत बिघडलीय. तेवढं तर खरंच होतं. त्यांनी उबेदला लगेच सोडलं. घरी आला तो रिकव्हरी ट्रकमध्ये बसून, अंगातला कामाचा बॉयलर सूट ग्रीसनं माखलेला, चेहरा पांढराफटक. व्हिडिओ कॉल लावला.

"सलाम अम्मा! मी ठीक आहे. हे बघ, हात. हे पाय."

अम्मा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड धू."

अल्हम्दुलिल्ला! मी मटकन सोफ्यावर बसले, लाईबाच्या मोज्यावर. रडले की हसले ते मलाच कळलं नाही. लाईबा येऊन माझ्या मांडीत शिरली आणि तिच्या केसांत तोंड खुपसून मी तो सगळा दिवस बाहेर सोडला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण अम्मांनी फोन ठेवला नाही.

"बिल्किस."

"जी अम्मा?"

"हा घरी आला. तो पाण्यातला?"

"तो... तो नाहीच आहे अम्मा. तो चित्रातला."

"चित्रातला असू दे. आवाज माझ्या पोराचा हाय. तो तसाच पाण्यात ठेवून मी झोपू? काढ त्याला."

"अम्मा, पण खेळात तशी सोय नाहीये."

"बुडवायची सोय हाय आणि काढायची नाय? कसला खेळ हा!"

आणि दुसऱ्या दिवशी अकीलाचा निरोप आला, अम्मा धड जेवत नाहीयेत. मग काय! शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमच्या बाथरूममध्ये आरमारी मोहीम निघाली. टबात निळा शाम्पू, भरपूर फेस. नजीबनं गॅरेजमधून टायरची ट्यूब आणली. उबेद बॉयलर सूटसकट टबात, गळ्यात ट्यूब. लाईबाच्या हातात टॉर्च, तो मावळता सूर्य!

"लाटा!" मी ओरडले. नजीबनं बादलीभर पाणी उबेदच्या तोंडावर मारलं.

"अरे, हळू! डोळ्यात शाम्पू गेला!"

"रड, रड! छान दिसतंय!" मी म्हटलं.

"किती वेळ बसू? गुडघे आखडले."

"अम्मासाठी बसलायस, बस गुपचूप!"

सिम्युलेटरातली एक छोटी बोट मी लाटांतून आणली, शेवटी उबेदचं ओलं तोंड जोडलं, वर आवाज, "अम्मा, वाचलो! बोटीवर घेतलं. आत्ताच जेवलो!" आणि असरनंतर बाणकोटला पाठवलं. पाठवायच्या आधी नाव दहादा वाचलं, शपथ!

अम्मांनी तीनदा बघितलं, असं अकीला म्हणाली. मग फोन आला.

"बरा झाला. बोटीवर काय दिला जेवायला?"

"मच्छी अम्मा. भात आणि मच्छी."

"ताजी होती?"

"समुद्रातच होते ना अम्मा!"

अम्मा हसल्या. किती दिवसांनी! "पण एक पाडला ना माझ्या पोरानं? बघितला मी. काय पाडला!" आणि पाठोपाठ अकीलाला म्हणाल्या, ते मला स्पष्ट ऐकू आलं, "ताट वाढ गो, भूक लागली."

त्या संध्याकाळी घर कसं हलकं झालं होतं! उबेद डोळ्यांना गुलाबपाणी लावून पडला होता. नजीब शोर्मा आणायला गेला होता. मी टबातला फेस उपसत होते आणि मनातल्या मनात पुढच्या फिल्मचा विचार, खोटं कशाला बोलू, सुरूही झाला होता. लाईबा दारात उभी होती. टॉर्च अजून हातात.

"मम्मा, डॅडी नाऊ सेफ ना?"

"एकदम सेफ, राणी."

"दादी पण हॅपी?"

"दादी पण."

तिनं टॉर्चचा उजेड रिकाम्या टबात इकडून तिकडे फिरवला, काहीतरी शोधत असल्यासारखा.

"मग डॅडींनी पाडलं ना, त्या प्लेनमधले अंकल... त्यांच्या मम्माला तू कुठला व्हिडिओ पाठवलास?"