नानांच्या मागच्या खोलीचा भाडेकरू

मार्चचा शेवटचा आठवडा, गुरुवार, साल एकोणीसशे एकोणनव्वद. स्थळ: जळगावचं मेहरूण, नानांचा ओटा. हजर: पालिकेचे वसुली निरीक्षक बोरसेसाहेब, त्यांचा कारकून, ढोलवाला, हातगाडीवाला, पंच म्हणून मी आणि कोपऱ्यावरचे गिरणीवाले रमणभाऊ, आणि घरपट्टी थकवणारे आमचे शेजारी नाना, इस्त्रीचा सदरा घालून, गुळगुळीत दाढी करून.

जप्तीच्या दिवशी नाना मुद्दाम दाढी करतात. एरवी त्यांच्या हनुवटीवर पांढरे खुंट असतात, पण पालिकेची माणसं येणार म्हटलं की ते सकाळीच आरसा ओट्यावर टांगून बसतात. ओटा झाडतात, पाणी मारतात. मग जप्त होण्याजोगं सामान एकेक करून बाहेर आणून मांडतात. जाळी नसलेला टेबलफॅन, भिंतीवरचं घड्याळ, पितळी घंगाळ, बाजूला वळून बोलणारा रेडिओ. बाजूला म्हणजे, तो डावीकडे फिरवून ठेवला तरच लागतो. हे नाना दरवर्षी कारकुनाला सांगतात आणि लिहून घ्यायला लावतात. "नोंद घ्या," म्हणतात. "नही ते तुम्हीन म्हनशात, नानानी बिघाडी ठेवा."

'नोंद घ्या' हा नानांचा श्वास आहे. नोकरी सगळी धुळ्याच्या एस.टी. डेपोत गेली, कंट्रोलर म्हणून. शिंदखेडा गाडी किती उशिरा आली, दोंडाईच्याच्या गाडीचा ड्रायव्हर कुणाशी भांडला, सगळ्याची नोंद. निवृत्त होऊन जळगावला घर बांधलं तरी सवय सुटली नाही. सकाळी दूध घेताना भिंतीवरून मला सांगतात, "ताई, नोंद घ्या, आज दूध पातळ शे." मी शाळेत हेडक्लार्क आहे. दिवसभर नोंदीच घेते. घरी आल्यावर दुधाचीही घ्यायची म्हणजे जिवावर येतं, पण मी "हो नाना" म्हणते.

मी पंच कशी झाले, तेही सांगते. जप्तीच्या पंचनाम्याला आजूबाजूचे दोन पंच लागतात. बाकी शेजारी त्या दिवशी नेमके बाहेरगावी असतात. रमणभाऊंची गिरणी समोरच असल्यामुळे त्यांना लपता येत नाही, आणि माझं अक्षर चांगलं आहे. त्यामुळे मार्चमध्ये शाळेचा वार्षिक हिशोब, गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या, मुलीची परीक्षा आणि नानांची जप्ती, अशी माझी कामं ठरलेली. जप्तीसाठी मी अर्ध्या दिवसाची रजा आधीच राखून ठेवते.

ढोल कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायचा, गल्ली गोळा करायची आणि लाजेने पैसे भरायला लावायचे, अशी पालिकेची पद्धत. बाकीच्या घरी ती लागू पडते. नानांनी यंदा ढोलवाल्याला पहिल्याच टिपरीला थांबवलं.

"हाऊ ढोल शे का डबा? मागला सालना गडी बरा व्हता. दोरी आवळ!"

त्याने खरंच दोरी आवळली. पोरं नाचायला लागली. नानांनी सगळ्यांना चहा दिला, जास्त दुधाचा. हातगाडीवाल्याला वर आणखी अर्धा कप. "उन्हातून सामान वढनार तो, तुम्ही काय नुसतं लिखनार," असं कारकुनाला ऐकवलं.

हा सगळा तमाशा दरवर्षी एकाच ठिकाणी संपायचा. सामान हातगाडीवर चढायचं, पालिकेच्या आवारात लिलाव पुकारला जायचा, आणि त्या लिलावात मोडक्या पंख्यावर बोली लावणारा एकच माणूस असायचा. नाना. बोली साधारण थकबाकीइतकी. पैसे पालिकेत जमा, थकबाकी फिटली, आणि नाना पंखा काखेत मारून घरी.

मी एकदा म्हटलं, "नाना, म्हणजे शेवटी घरपट्टी भरलीतच ना तुम्ही? रिक्षाचं भाडं वर."

"नही ताई. मी घरपट्टी भरी नही. मी पंखा इकत लिधा." आणि पुढे, "नोंद घ्या."

हा हट्ट पैशाचा नव्हता. तो एका शब्दाचा होता.

नानांना एक धाकटा भाऊ, भिका. आई-वडील लवकर गेले, नानांनीच त्याला वाढवलं. बायको वारल्यावर नानांच्या घरात तोच एक माणूस उरला. घर बांधलं तेव्हा मागची खोली भिकाची ठरली. भिका रात्री उशिरापर्यंत बत्ती लावून बसायचा. एका रात्री नाना अंगणातून ओरडले, ते मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं: "बत्ती बंद कर! मीटर मना नाववर शे!"

एवढंच. दोघं भाऊ आठवड्यातून एकदा तरी याहून वाईट भांडायचे. पण ते मीटरचं वाक्य भिकाला लागलं. दुसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस घरांची मोजणी करत आला. नाना बाजारात गेले होते. मागच्या दारात भिका उभा. "तुम्ही मालक का?" असं मोजणीवाल्याने विचारलं.

भिका फुगलेलाच होता. म्हणाला, "मालक बजारमा जायेल शे. मी भाडेकरू."

त्या माणसाने मुकाट्याने लिहून घेतलं. संध्याकाळी भिकाने पिशवी भरली, तो स्टेशनवर गेला आणि नरडाण्याला एका तेलाच्या गिरणीत कामाला लागला. पुढच्या वर्षीचं बिल आलं, त्यात मागची खोली भाड्याने दिलेली म्हणून पट्टी वाढवलेली, आणि भाडेकरू म्हणून भिकाचं नाव. नाना ते बिल घेऊन माझ्याकडे आले. त्यांना वाटलं होतं, माझ्या वाचण्यात काही वेगळं निघेल.

मी उपाय दोन सांगितले. एक, भिकाने येऊन लिहून द्यावं की मी भाऊ आहे, भाडेकरू नाही. दुसरा, खोली रिकामी आहे असा अर्ज करायचा, पट्टी कमी होते. अर्ज मी लिहूनही आणला. नानांनी दोन्ही नाकारले. भिकाला बोलावणार नाही, कारण तो स्वतःहून गेला. आणि खोली रिकामी आहे असं लिहिणार नाही.

"का पण नाना? रिकामीच आहे ना?"

"रिकामी नही शे," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

तेव्हापासून हा लिलाव. पट्टी भरली तर भिका भाडेकरू ठरतो, म्हणून भरायची नाही. जुन्या साहेबांनाही ते सोयीचं पडायचं. वसुली झाल्याशी कारण.

यंदा बोरसेसाहेब नवीन होते. तरुण, धुळ्याकडचे, कामात चोख. त्यांनी चहा घेतला, पंखा उलटा करून पाहिला, रेडिओ डावीकडे फिरवून पाहिला.

"नाना, या सामानाचा लिलाव होऊन होऊन पालिकेला लाज वाटायला लागली आहे," ते म्हणाले. "हे मी नेणार नाही. घरात दुसरं काय आहे?"

"स्वयंपाकनी भांडी शेतस. ती नियममा बसत नही."

"आणि मागच्या खोलीत?"

नाना चहाच्या कपबशा गोळा करत होते. थांबले. "त्या खोलीनं काय काम?"

"उघडा."

रमणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठेच पाहिलं नाही. नानांनी करदोड्याची किल्ली काढली आणि आम्ही सगळे मागे गेलो. ढोलवालाही आला, ढोलासकट.

खोलीत एक बाज, तिच्यावर घडी केलेली गोधडी, खुंटीला एक सदरा. माठावर झाकण होतं. भिंतीला टेकवून भिकाची सायकल. बोरसेसाहेबांनी वाकून टायर अंगठ्याने दाबलं. टणक. साखळीवर बोट फिरवलं, ते तेलाने काळं झालं.

"कोण चालवतं?"

"कोनी नही."

"मग हवा?"

नानांनी खुंटीवरचा सदरा सारखा केला. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडून पंपाचा आवाज यायचा. मला वाटायचं ते झाडांवर औषध मारतात.

"ही चालेल," साहेब म्हणाले. "लिहा, सायकल एक, चालू स्थितीत."

हातगाडीवाला पुढे झाला. नाना त्याच्या आणि सायकलच्या मध्ये जाऊन उभे राहिले. दाढी केलेला चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "ते मनं सामान नही," म्हणाले. "ते भिकानं शे."

"भिका कोण?"

"मना भाऊ."

बोरसेसाहेबांनी कारकुनाच्या हातातला कागद घेतला, त्यातलं भाडेकरूचं नाव वाचलं. मग कागद खाली केला आणि कचेरीची भाषा सोडून, हळू आवाजात म्हणाले, "नाना, घरना माणूसनं सामान व्हई ते माले ली जानं पडस. भाडेकरूनं व्हई ते मी हात लावत नही. तुम्हीन सांगा, तसं मी लिखस. भाऊ का भाडेकरू?"

तरुण माणूस होता. त्याने वाट काढून दिली, चांगल्या मनाने दिली. त्याला काय माहीत, ती वाट कुठून जाते.

ढोलवाल्याने ढोल खांद्यावरून उतरवून जमिनीवर टेकवला. नानांचा एक हात सायकलच्या सीटवर होता.

"भाडेकरू," नाना म्हणाले. "भाडेकरूनी सायकल शे ती."

कारकुनाने लिहिलं. मागच्या खोलीत भाडेकरूचं सामान, जप्तीस पात्र नाही. रमणभाऊंनी सही केली, मी केली, नानांनी केली. मग नाना पुढच्या खोलीत गेले आणि डब्यातून थकबाकीची पूर्ण रक्कम घेऊन आले. एवढी वर्षं भांडले ते संपलं होतं; आता पंखा विकत घेण्यात अर्थ नव्हता. पावती वाचली नाही, घडी करून खिशात घातली. पथक निघालं तेव्हा ढोलवाल्याने विचारलं, वाजवू का. साहेब म्हणाले, चल गुपचूप.

मी रजा संपवून शाळेत जायला हवं होतं. पण ओट्यावरचं सामान तसंच पडलं होतं, ते आत ठेवायला थांबले. घंगाळ मी उचललं, घड्याळ नानांनी खुंटीला लावलं. ते वाकडं लागलं. एरवी त्यांनी दहादा सरळ केलं असतं.

"नाना, यात एवढं काय," मी म्हटलं. "नोंद दुरुस्त होते. भिकाने एकदा येऊन लिहून दिलं की झालं. पत्र टाकू?"

"पत्रमा तो काय समजी?" ते म्हणाले. मग पाठमोरेच, "ताई, मी आज काय बोलनू ते भिकाले मालूम पडाले नको."

"नाही पडणार."

"तुम्हीन जा एक रविवार. पण मी धाडं असं सांगू नका."

मी हो म्हटलं. सुरतेकडे जाणारी पॅसेंजर नरडाण्याला थांबते, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तेलाच्या गिरणीचा पत्ता मी रमणभाऊंकडून काढला. ते तिथून पेंड मागवतात. दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा तयार आहे, भिकाने फक्त सही करायची आहे.

आता दिवाळी तोंडावर आली. मुलीचा कॉलेजातला प्रवेश झाला, गच्चीची गळती झाली, गव्हाची वर्षाची भरती झाली. नरडाण्याला जायचं राहिलं आहे. दोनदा मी स्टेशनपर्यंत जाऊन आले. नानांनी पाठवलं हे सांगायचं नाही, नानांनी काय म्हटलं तेही सांगायचं नाही. मग भिका दार उघडून "ताई, तुम्ही कशा काय आल्या?" म्हणाला, तर काय सांगायचं, ते अजून ठरायचं आहे.