घसरलेला सात

नोट हातात आली की मोजायची आणि गल्ल्यात टाकायची, तिच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, हा पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाचा धर्म. मी तो इतकी वर्षं इमानेइतबारे पाळला. पण एका निवांत दुपारी शेजारच्या खिडकीवरचा सहकारी (आम्ही त्याला 'सर्वज्ञ' म्हणतो, अर्थात त्याच्यामागे) माझ्याकडे झुकून म्हणाला, "छपाईत चूक झालेली नोट सापडली, तर माणूस तरतो. एकानं तिरका आकडा छापलेली नोट विकून फ्रिज घेतला."

"कोणी?"

"माझ्या ओळखीतल्याच्या ओळखीतला आहे. आपल्यासारखाच. फक्त डोळे उघडे ठेवून बसतो."

म्हटलं, बघायला काय जातं? (एकदा याच वाक्यावर मी एक जुनी स्कूटर बघायला गेलो होतो. ती अजून जिन्याखाली आहे.)

आणि नशीब बघा, पुढच्याच गिऱ्हाइकानं सरकवलेल्या शंभराच्या नोटेवर बाकीचे आकडे कवायतीला उभे असल्यासारखे ताठ, आणि शेवटचा सात मात्र पायरी चुकल्यासारखा खाली घसरलेला! मी लगेच खिशातली स्वतःची नोट गल्ल्यात टाकली आणि घसरलेला सात खिशात घातला. गिऱ्हाईक पावतीसाठी हात पुढे करून उभं होतं. मी भारावून जाऊन तो हात हातात घेतला आणि हलवला.

त्या दिवसापासून माझी नजरच बिघडली. एकही नोट साधी दिसेना. बँकेतून पगार काढला तो सगळा लहान नोटांत, म्हणजे शोधायला वाव जास्त. मग घरी रोज हा संवाद.

"अहो, भाजीला पैसे द्या."

"ही नको, हिची शाई फिकी आहे."

"मग ती द्या."

"तिचा नंबर उलटीकडून वाचला तरी तोच येतो गं!"

"मग भाजीवाल्याला उलटीकडून वाचायला सांगते. द्या."

मी दिली नाही. पगार घरात होता, पण खर्च करण्यासारखी एक नोट घरात नव्हती. बायकोनं शेजारच्या वहिनींकडून आधी साखर आणली, मग तेल, मग थेट पैसे. (ते आणल्यावर त्यातलीही एक मी बदलून घ्यायचा प्रयत्न केला. त्यावर ती जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.)

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मात्र मी स्वतः जाऊ लागलो. काडेपेटी घ्यायची आणि हळूच म्हणायचं, "शेट, तुमचा गल्ला जरा बघू?" पहिल्यांदा तो घाबरला. मला कुठल्यातरी खात्याचा तपासनीस समजून त्यानं स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, वजनकाटा फडक्यानं पुसला. दुसऱ्यांदा त्यानं पंखा बंद केला. तिसऱ्यांदा मला लांबून येताना पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

इकडे वहिनींनी आमच्या उसनवारीचा अर्थ लावला होता, की माझी नोकरी गेली आणि मी लाजेपोटी रोज डबा घेऊन बागेत बसतो. ही बातमी माझ्या सासऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी ते दारात हजर. आयुष्यात माझ्याशी कधी गोड न बोललेला माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दिवस येतात, जातात. मनाला लावून घेऊ नका." आणि त्यांनी एक जाडसर पाकीट माझ्या हातात दिलं.

सभ्य माणसानं अशा वेळी पाकीट परत करावं. मी ते तिथल्या तिथे फोडलं, नोटा दिव्याखाली धरल्या आणि भिंग लावून एकेक नंबर वाचायला लागलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघता बघता आटलं.

"बाबा," मी म्हणालो, "याहून जुन्या नाहीत का तुमच्याकडे?"

सासऱ्यांनी पाकीट परत घेतलं आणि मुलीला म्हणाले, "नोकरी गेली असती तर बरं होतं, बाई. दुसरी मिळते."

बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांचं मन दुसरीकडे वळावं म्हणून तिनं लग्नाचा अल्बम काढला. मी "नको, नको" म्हणेपर्यंत उघडलासुद्धा. पहिल्या पानावर आमच्या जागी दहाच्या दोन नोटा. दुसऱ्या पानावर सासूबाईंच्या जागी एक फाटकी पाचाची. (नोटांना घडी पडू नये म्हणून हा अल्बम मला फार सोयीचा वाटला होता. फोटो मी नीट बुटांच्या खोक्यात ठेवले होते.)

सासऱ्यांनी पाचाच्या नोटेकडे बराच वेळ पाहिलं आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला अल्बमसकट जुन्या नोटांच्या व्यापाऱ्यासमोर नेऊन बसवलं. त्यानं डोळ्याला काच लावली, भराभरा पानं उलटली.

"साध्या आहेत. चालतात बाजारात."

"पण हा सात? घसरलाय बघा!"

"केसभर घसरतो कधीकधी. हातभर घसरला असता तर बोललो असतो. तपासणीचे शंभर द्या."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी घसरलेला सात काढून दिला. त्यानं तो न बघता ड्रॉवरमध्ये टाकला.

घरी आल्यावर मी सगळ्या नोटा तिच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, "जा, वाण्याकडून मनासारखं सामान आण." ती पिशवी घेऊन गेली ती बऱ्याच वेळानं परतली. पिशवी भरलेली होती आणि दुसऱ्या हातात नोटाही तशाच.

"घेतल्या नाहीत त्यानं?"

"नाही. प्रत्येक नोट उजेडाला धरून बघितली. म्हणाला, साहेबांनी एवढं निवडून निवडून जे घराबाहेर काढलं, ते मी गल्ल्यात ठेवणार नाही. काहीतरी खोट असणारच."

"मग सामान कसं दिलं?"

"उधार. म्हणाला, वहिनी, तुमच्या शब्दावर वर्षभर देतो. फक्त पैसे द्यायला साहेबांना पाठवू नका."