शब्द वाटेत आहे

आमच्या वैजूताई मागितल्याशिवाय कुणाला काही देत नाहीत. कंजूष म्हणून नव्हे हं! चहाचा कप तुमच्यापुढे धरतील, तुम्ही हात लावाल, पण त्या सोडणार नाहीत. डोळे मोठे करून बघत राहतील. "चहा द्या" म्हटलंत की मगच हसून सोडतील.

व्यवसायाची खोड, दुसरं काय! ताई स्पीच थेरपिस्ट. न बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करतात. इथं आखातात, अल हैलला समुद्राजवळ आमची घरं समोरासमोर. दुपारी त्यांच्या बाल्कनीतून साबणाचे फुगे निघतात आणि दमट हवेत तरंगत समुद्राकडे जातात. मी भांडी तशीच टाकून बघत उभी राहते. मध्येच फुगे थांबतात. ताईंनी बाटलीचं झाकण लावलेलं असतं. आता समोरचं पोर "अजून" म्हणेपर्यंत त्या गप्प. पोराची आई कळवळून "बोलो ना बेटा, से मोर!" करायला लागली की तिलाच दटावतात, "तुम्ही नाही बोलायचं. शब्द वाटेत आहे."

हे वाक्य त्या कुठंही ऐकवतात. एकदा त्या जेवायला आल्या असताना आमचे हे वर्कशॉपच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, किस्सा सांगत होते. नेमका शेवट आठवेना. मी सुचवायला तोंड उघडलं, तर ताईंनी हात वर केला. "कुणी मदत करायची नाही!" भात गार झाला. शेवटी हे म्हणाले, "खलास! विसरलो." ताईंनी कौतुकानं मान डोलावली. "छान प्रयत्न केलात."

ताई एकट्या राहतात. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा गुहागरला आईंना व्हिडिओ कॉल लावतात. अर्धांगाच्या झटक्यानं आईंची वाचा गेली होती. ताईंनी रजा काढून, तिथं राहून शिकवून पाहिलं. एक शब्द फुटला नाही. "जगाच्या पोरांना बोलतं केलं गं, माझी आई काही बोलत नाही माझ्याशी," असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या.

परवाच्या शुक्रवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर कॉल चालू होता. ताई नुकत्याच न्हालेल्या, पिकत चाललेले केस मोकळे. फोनवर आईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिकडून ताईंच्या वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ठेवू का? दमल्यात त्या."

"थांब गं जरा." एरवीचा तोरा त्यात नव्हता, विनवणी होती. मी दारातच थबकले. खिडकीबाहेर समुद्र आणि आभाळ एकाच धुरकट रंगाचे झाले होते.

"वेणी," आई म्हणाल्या.

घोगरा, ओढूनताणून आलेला शब्द, पण आम्हा सगळ्यांना कळला. ताई एकदम उठल्या. "घालते हं आई, घालते!" पण केस काही मुठीत राहीनात. त्यांनी फणी माझ्या हातात दिली आणि फोनकडे पाठ करून जमिनीवर मांडी घातली.

मी बाजूला बसून वेणी घालू लागले. मलाही धड दिसत नव्हतं. ताई मान न हलवता रडत होत्या, पलीकडे आई टक लावून बघत होत्या, आणि आता फोन ठेवायचं कुणीच म्हणत नव्हतं.