दोरा लावून मोजलेलं आकाश

विमान किती वेळात येतं हे विमानकंपनीला कशाला विचारायचं, आपणच मोजू, असं मी ठरवलं आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

मुलगी तीन वर्षांनी येणार होती. म्हणजे घरी नाही. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना आमच्या विमानतळावर काही तास थांबणार होती. "दहाला उतरते. साडेबाराला मला परत आत जावंच लागेल," असं तिने आईला बजावलं होतं. आईने हिवाळाभर विणलेला स्वेटर पिशवीत घडी घालून तयार. लेकीच्या अंगात तो घालून बघायचा, एवढीच त्या माउलीची इच्छा.

मी जमीनमोजणी खात्यातला निवृत्त मोजणीदार. (माझ्या मोजणीवरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, पण मोजणी चुकली नाही.) भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणला, प्रमाण लावलं, विमानाच्या वेगाने भागलं. बाराच्या आत उतरणं अशक्य!

"अहो, पोरीने दहा सांगितलंय," बायको म्हणाली.

"तिला कंपनीने सांगितलंय. त्यांना तिकिटं खपवायची असतात. दोन तास आधी जाऊन काय तिथल्या खुर्च्या झिजवायच्या?"

बायकोने हातातली पिशवी परत टेबलावर ठेवली. ती माझं ऐकते, ही माझ्या संसारातली सगळ्यात मोठी अडचण.

साडेदहाला मी तोंडाला साबण फासून दाढी करत असताना फोन वाजला.

"बाबा, मी बाहेर उभी आहे. तुम्ही कुठे आहात?"

"शक्य नाही! तू अजून समुद्रावर आहेस."

"बाबा, मी फुलांच्या दुकानापाशी आहे."

"अगं, पण मी दोरा लावून..."

"सपाट नकाशावर? बाबा, विमान उत्तरेच्या अंगाने वळून येतं. पृथ्वी गोल आहे, तोच रस्ता जवळचा पडतो!"

पृथ्वी गोल आहे हे मी शाळेत शिकलो होतो. नोकरीत कधी त्याची गरज पडली नाही.

अर्धी दाढी पुसून टॅक्सीत बसलो. चालक नेहमीच्या वळणाच्या रस्त्याने निघाला. माझ्यातला मोजणीदार अजून मेला नव्हता. "सरळ घ्या हो, सरळ रेषेत विमानतळ जवळ आहे," मी म्हणालो. जवळ होताच. आम्ही थेट त्याच्या मागच्या कुंपणाला जाऊन भिडलो. पलीकडे विमानं दिसत होती, दरवाजा मात्र पार दुसऱ्या टोकाला. बायकोने मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

वळसा घालून पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, लेक आत गेलेली. पहारेकरी आम्हाला आत सोडेना आणि तिला बाहेर येऊ देईना. मध्ये जाड काच. बायकोने स्वेटर उलगडून काचेला लावला. पलीकडून लेक त्याच्या मागे येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा जुळवून. बाह्या बरोबर आल्या. मग दोघी रडल्या. मी माझ्या अर्ध्या दाढीवर हात ठेवून उभा होतो. मला माझी फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो स्वेटर पाठवायला कुरिअरवाल्याकडे गेलो.

"आठ दिवसांत पोहोचेल," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"हो, आठच," मी म्हणालो.

"आणि तो तुमचा दोरा द्या," ती म्हणाली. "पार्सल बांधायचंय."

मी खिशातून काढून दिला.